स्किपोल विमानतळ
नेदरलँड्समधील प्रमुख आंतरराष्ट्रीय विमानतळ व यूरोपातील एक मोठे जोडउड्डाण केंद्र. अ‍ॅम्स्टरडॅमच्या नैर्ऋत्येस हार्लेमरमेर येथे तो आहे. १८५२ मध्ये उपसून कोरड्या केलेल्या सरोवराची ही जमीन समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ३ मी. खाली आहे. येथील उपसा थांबवला तर धावपट्ट्या पाण्याखाली जातील.

१९१६ मध्ये लष्करी तळ म्हणून सुरुवात झाली. १९२० पासून नागरी वाहतूक होऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात तळ उद्ध्वस्त झाला, नंतर पुन्हा उभारला गेला. सध्याची टर्मिनल इमारत १९६७ मध्ये खुली झाली. सर्व कक्ष एकाच छपराखाली असल्याने विमान बदलणाऱ्या प्रवाशाला बसने हिंडावे लागत नाही. स्किपोलच्या यशाचे श्रेय बव्हंशी या रचनेला द्यावे लागेल. इमारतीखालीच रेल्वेस्थानक आहे.

एकूण सहा धावपट्ट्या आहेत. २००३ मध्ये सुरू झालेली ‘पोल्डरबान’ इतकी दूर आहे, की उतरल्यावरही विमान बराच वेळ जमिनीवरूनच चालत राहते. तिच्या गोंगाटाला आवर घालण्यासाठी शेजारी मातीच्या वरंब्यांचे उद्यान केले आहे.

केएलएम (स्थापना १९१९; २००४ पासून एअर फ्रान्सशी संलग्न) ही येथील प्रमुख कंपनी. ट्रान्साव्हिया व इझीजेट स्वस्त सेवा देतात. जेट एअरवेजने २०१६ मध्ये आपले यूरोपीय केंद्र ब्रूसेल्सहून येथे हलवले होते. २०१९ मध्ये ती कंपनीच बंद पडली. मुंबईला केएलएमची थेट सेवा आहे.