कलोपचार, मधुमेहातील

मधुमेह असलेल्या प्रौढ व्यक्तींचे भावनिक स्वास्थ्य जपण्यासाठी चित्रकला, लेखन, संगीत, नृत्य इत्यादी कलांचा केला जाणारा पूरक उपयोग. इन्शुलीन, औषधे, आहार व व्यायाम यांना तो पर्याय नाही.

पार्श्वभूमी : मधुमेह हा रुग्णाने रोज स्वतःच सांभाळावयाचा आजार असून, रक्तशर्करा मोजणे, खाण्यापिण्याचा हिशेब ठेवणे, साखर एकाएकी उतरण्याची धास्ती बाळगणे आणि पुढील गुंतागुंतीची काळजी वाहणे यांतून येणाऱ्या वैतागाला व थकव्याला मधुमेहजन्य मनस्ताप म्हणतात. तो नैराश्य या विकाराहून वेगळा मानला जातो. मात्र दोन्ही एकाच व्यक्तीत आढळू शकतात. विल्यम पोलोन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्याच्या मापनासाठी ‘पेड’ ही २० प्रश्नांची श्रेणी प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण देऊन बेरजेला १.२५ ने गुणतात आणि १०० पैकी ४० किंवा अधिक गुण आल्यास मनस्ताप तीव्र समजतात.

चित्रकला : चित्रोपचाराची संज्ञा ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये योजली, क्षयरोगावर आरोग्यधामात उपचार घेताना त्यांना चित्र काढण्याचा लाभ जाणवला होता. मधुमेहाच्या क्षेत्रात उल्लेखनीय उपक्रम म्हणजे अमेरिकेतील कलोपचारक ली अ‍ॅन थिल यांनी २०१० मध्ये सुरू केलेला ‘डायबेटीस आर्ट डे’ होय. थिल यांना स्वतःला प्रकार १ चा मधुमेह आहे. या उपक्रमात अनेकांनी ग्लुकोमीटरच्या वापरलेल्या पट्ट्या चिकटवून चित्रे केली. रोजच्या सक्तीची खूण असलेली वस्तू येथे रुग्ण आपल्या मर्जीने हाताळतो, हे या पद्धतीचे खरे मर्म आहे. वापरलेल्या सुया मात्र अशा कामात घेऊ नयेत.

लेखन : जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटे मनातील क्लेशदायक अनुभवांविषयी लिहिले. लिहिल्यानंतर लगेच मन अधिक खिन्न होऊ शकते, असे अशा प्रयोगांत दिसले आहे. प्रकार २ च्या मधुमेहात या पद्धतीच्या उपयुक्ततेविषयी एकमत नाही.

संगीत : मुख्यतः शिथिलीकरणासाठी वापरतात.

नृत्य : प्रकार २ चा मधुमेह असलेल्या दक्षिण आशियाई वंशाच्या स्त्रियांसाठी अमेरिकेत हिंदी चित्रपटगीतांवरील नृत्याचा प्रयोग झाला; त्याचा भर व्यायामावर होता.

मूल्यमापन : जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, डेझी फॅनकोर्ट व सर्शा फिन यांच्या अहवालात कला व आरोग्य यांविषयीच्या ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा आहे. केवळ रक्तशर्करा उतरली की नाही, यावरून कलोपचाराची किंमत ठरवणे अन्यायाचे आहे, कारण मनस्ताप कमी होणे हे स्वतंत्र साध्य आहे.

दक्षता : दृष्टिपटल बिघडून नजर अधू झालेल्यांना माती किंवा जाड कुंचला सोयीचा पडतो, पायाला जखम असल्यास नृत्याच्या हालचाली बसून करणे इष्ट असते.