नागपूरची तडजोड आणि लाल बावटा

मुंबईच्या गिरणी कामगार युनियनचा इतिहास लिहिणारे बहुधा तिच्या संपांचा इतिहास लिहितात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु ज्या लाल बावट्याच्या नावाने ही संस्था परळ-लालबागच्या चाळींतून ओळखली जाई, त्या बावट्यावर कोणते चिन्ह असावे नि कोणते नसावे, हा प्रश्न एकेकाळी हिंदुस्थानातील दुभंगलेल्या मजूर-चळवळीच्या ऐक्याच्या कलमांत जाऊन बसला होता, ही हकीकत मला त्या संपांइतकीच मननीय वाटते.

१९२६ च्या आरंभी ना. म. जोशी यांच्या नेतृत्वाखाली शहरातील लहानमोठे संघ एकत्र होऊन बॉम्बे टेक्स्टाईल लेबर युनियन स्थापन झाली, तेव्हा अर्जुन आळवे प्रभृती खुद्द गिरणीत राबणाऱ्या मंडळींचे गिरणी कामगार महामंडळ त्या विलीनीकरणापासून अलिप्त राहिले. पुढे १९२८ च्या एप्रिलात, विणकराने दोनांऐवजी तीन माग सांभाळावेत आणि कातणाऱ्याने एकीऐवजी दोन बाजू पाहाव्यात या मालकांच्या योजनेविरुद्ध सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. महामंडळात फूट पडून आळवे, कासले हे डांगे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर या कम्युनिस्ट पुढाऱ्यांसह नव्या गिरणी कामगार युनियनमध्ये आले, आणि तरीही त्या युनियनने जोशींच्या पक्षाबरोबर संयुक्त संप समिती चालविली. ऑक्टोबरात संप मिटला तो चौकशी समिती नेमण्याच्या बोलीवर. मात्र ज्या युनियनच्या दप्तरी प्रारंभी अवघे ३२४ सभासद होते, तिची सभासदसंख्या डिसेंबरअखेर ५४,००० झाली.

हे बळच पुढे वादाचे मूळ ठरले. १९२९ च्या मार्चात मीरतच्या कम्युनिस्ट कटाच्या खटल्यासाठी युनियनचे पुढारी पकडले गेले, आळवे आणि कासलेही त्यांतून सुटले नाहीत. आणि त्याच वर्षी नागपूरच्या अधिवेशनात, देशभरच्या कामगार संघांची मध्यवर्ती संस्था असलेली ट्रेड युनियन काँग्रेस फुटली. संपकाळात रशियातील कापड-कामगारांकडून आलेली मदत, परदेशी संघटनांशी संलग्न होण्याचा आग्रह आणि सरकारने मजुरांच्या स्थितीच्या चौकशीसाठी नेमलेल्या व्हिटले कमिशनवरील बहिष्कार ही नेमस्तांच्या संशयाची कारणे होती. जोशी व त्यांचे सहकारी उठून गेले, त्यांनी वेगळे फेडरेशन काढले. १९३१ साली कलकत्त्यास उरलेल्या काँग्रेसचीही दोन शकले झाली, आणि तेथल्या तंट्याचे एक निमित्त गिरणी कामगार युनियनच्या दोन गटांपैकी खरा प्रतिनिधी कोणता, हेच होते.

१९३५ साली कलकत्त्यास फुटून निघालेला कम्युनिस्टांचा लाल गट स्वगृही परतला; १९३८ साली नागपुरातच फेडरेशनशी तडजोड झाली. संप आणि राजकीय प्रश्न यांवरील ठराव तीन-चतुर्थांश मतांनीच व्हावा, परदेशी संघटनेशी संलग्न होऊ नये, या कलमांबरोबर आणखी एक कलम होते: ट्रेड युनियन काँग्रेसचा बावटा लाल राहील, पण त्यावर विळा-हातोडा असणार नाही. ज्यांनी त्या चिन्हाखाली तुरुंगवास पत्करला होता त्यांना ही अट किती जड गेली असेल, याची कल्पना करणे कठीण नाही; आणि लाल रंग हाच ज्यांच्या भीतीचा विषय होता, त्या नेमस्तांनी तो रंग आपला म्हणून मान्य करावा, हेही काही थोडे नव्हते. मला या तडजोडीत दोन्ही पक्षांची खरी थोरवी दिसते, कारण चिन्ह एका पक्षाचे होते आणि रंग मात्र, एव्हाना, खात्याखात्यांतल्या कामगाराचा झाला होता. कामगारांची एकजूट एका पक्षापुरती उरली नव्हती, हे त्याच वर्षी दिसून आले: ७ नोव्हेंबरला मुंबई सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध जो एक दिवसाचा संप झाला, त्यात कम्युनिस्टांच्या बरोबरीने डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष उतरला होता.

फेडरेशनचे विसर्जन होऊन विलीनीकरण पुरे झाले ते १९४० साली, मुंबईच्या अधिवेशनात. आणि नागपूरहून उठून गेलेले जोशी त्याच काँग्रेसचे सरचिटणीस म्हणून पुन्हा तिचा कारभार पाहू लागले.