'गिरासे' या शब्दाचा अर्थ व उगम

दत्तजयंतीस सारंगखेड्यास तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तेथील घोड्यांच्या बाजारात परगावच्या कोणास आपण 'गिरासे' हे आडनाव सांगितले की, "याचा अर्थ काय?" अशी पृच्छा होते. उत्तर देताना आपल्यापैकी पुष्कळजण अडखळतात. तरुण मंडळी तर संकोचतात. त्यांच्यासाठी हा अल्प प्रयत्न.

'गिरास' हे संस्कृत 'ग्रास' शब्दाचे रूप होय. 'क्रिये'ची लोकभाषेत 'किरिया' होते, तसेच हे. ग्रास म्हणजे घास. 'गोग्रास' शब्दात तो आजही नांदतो. राजकुलातील धाकट्या पुत्रांस व भाऊबंदांस निर्वाहासाठी जी जमीन तोडून देत, ती गिरास. ती घेणारा तो गुजरात-काठेवाडात गिरासिया किंवा गिरासदार, आणि आमच्या खानदेशात गिरासे. म्हणजे हा शब्द मुळात घेणाऱ्याचा आहे.

पुढे अर्थ पालटला. गुजरातच्या सुलतानांनी रजपुतांच्या जमिनीचे तीन हिस्से सरकारात घेऊन चौथा 'वांटा' म्हणून त्यांजकडे ठेवला, असे 'मिरात-इ-अहमदी'त नमूद आहे. ज्यांची भूमी गेली, त्यांतील कित्येकांनी शस्त्राच्या बळावर गावांकडून पैसा घेण्यास आरंभ केला. गावास उपद्रव न देण्याचे ते मोल. त्यासही गिरासच म्हणत. इंग्रजी अमदानीत ही देणी सरकारी खजिन्यातून दिली जाऊ लागली व १८८७ साली 'तोडा गिरास' भत्त्यांसंबंधी मुंबई इलाख्यात स्वतंत्र कायदा झाला. सौराष्ट्रातील गिरासदारी १९५१ च्या जमीनसुधारणा कायद्याने लयास गेली.

तेव्हा या शब्दात मान आहे आणि डागही आहे. पहिला तेवढा सांगावा व दुसरा झाकावा, हे इतिहासास मान्य नाही. गिरास राजाने दिला असो वा गावाने, तो पिकविला कुणब्याने आणि भिल्लाने, हे आम्ही विसरू नये. ज्याने घास घेतला, त्याच्यावर घास देणाऱ्याचे ऋण असते. आज हक्क गेले, भत्ते गेले. उरले ते नाव आणि हे ऋण.

आपल्या घरोघरी जुन्या सनदा, फारखत्या व वंशावळी पेटीत पडून आहेत. त्यांस कसर लागण्यापूर्वी त्यांच्या नकला करून ठेवाव्यात, एवढीच ज्ञातिबांधवांस आमची नम्र विनंती. आमच्या मुलांना पुढील यात्रेत तोच प्रश्न कोणी विचारला, तर त्यांनी मान खाली न घालता आणि फुशारकीही न मारता खरे उत्तर द्यावे.