परळच्या झोपड्या आणि दोन फुटांवर टांगलेला पिंजरा

उमरोळी स्टेशनवर डहाणू लोकल पकडायची, दादरला उतरायचं आणि परळला जायचं. तिथे हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. आजची गोष्ट तिथली, आणि त्यातली मुख्य पात्रं आहेत उंदीर, ससे आणि गिनीपिग.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगला सापडला होता. हा जंतू रक्तात शिरून वाढला की माणूस फार थोड्या वेळात हातचा जातो. औषध काहीच नव्हतं. व्हाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात कामाला लागले. रश्श्यासारख्या द्रवावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांनी जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि त्याची लस आधी सशांना टोचली. मग त्याच सशांना जिवंत जंतू दिले. ससे वाचले. त्यानंतर १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. म्हणजे ससा आणि माणूस यांच्यामध्ये जी दरी होती, ती त्यांनी आधी स्वतः ओलांडली.

पण प्लेग पसरतो कसा? लोकांना वाटायचं हवेतून, घाणीतून, रोग्याच्या स्पर्शातून. त्यावरून घरं उपसली, माणसं उचलून नेली. १९०५ नंतर प्लेग कमिशनने परळला मुद्दाम झोपड्या बांधून प्रयोग केले. आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले. पिसवा नसतील तर रोग लागेना. मग पिसवा असलेल्या जागी एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर ठेवला, दुसरा दोन फुटांवर टांगला. खालचा गिनीपिग मेला, वरचा जगला. हवा तर दोघांना एकच होती! फरक इतकाच की पिसूला तेवढी उंच उडी जमत नव्हती.

आता रक्ताकडे या. आजारी उंदराच्या रक्तात जंतू इतके माजतात, की पिसूच्या एका घोटात ते हजारोंनी जाऊ शकतात. गाठीच्या प्लेगच्या माणसाच्या रक्तात बहुधा तितके नसतात. म्हणून माणसापासून पिसूला रोग क्वचित लागतो, उंदरापासून सहज. रोग एकच, जंतू एकच, पण दोन प्राण्यांच्या रक्तातली गोष्ट वेगळी.

आणखी एक गंमत बघा. प्लेग सोसलेल्या मुंबईचे उंदीर तो जंतू बऱ्यापैकी पचवायचे. जिथे प्लेग फारसा पोचला नव्हता त्या मद्रासचे उंदीर पटापट मरायचे. म्हणजे नुसतं ‘उंदरावर प्रयोग केला’ म्हणून भागत नाही. कुठला उंदीर, हे विचारावंच लागतं.

पुढे १९३२ साली साहेब सिंग सोखी या संस्थेचे प्रमुख झाले. त्यांच्या काळात लसीचा जोर पांढऱ्या उंदरांवर मोजला जाऊ लागला. सल्फा औषधांचं कामही इथेच झालं, त्यात बी. बी. दीक्षित होते, जे पुढे दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झाले.

मग प्राण्यावर चाललं ते माणसावर चालतंच का? नाही. जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसादच बिघडतो आणि अवयव कोलमडतात, त्याला आज सेप्सिस म्हणतात. त्यासाठी बबून माकडांना वाचवणारं एक प्रथिन सापडलं, औषध म्हणून २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झालं, आणि मोठ्या चाचणीत माणसांना फायदा दिसेना म्हणून २०११ मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं. प्रयोगातला प्राणी बहुधा तरुण, धडधाकट आणि ठरल्या वेळी आजारी पाडलेला. आपला रोगी म्हातारा, मधुमेही, दोन दिवस अंगावर ताप काढून आलेला.

म्हणून पुढच्या वेळी ‘उंदरांवर यशस्वी’ अशी बातमी वाचलीत, तर आनंद जरूर माना, पण लगेच विचारा: माणसावर कधी तपासलं, आणि कोणत्या माणसावर? परळच्या त्या गिनीपिगांनी प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमकं दिलं होतं. भेटू पुढच्या भागात.