एक्सप्रा

दूरच्या लिनक्स संगणकावरील प्रोग्रॅमच्या विंडो आपल्या पडद्यावर आणणारे आणि मधली जोडणी तुटली तरी तो प्रोग्रॅम चालू ठेवणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. नथॅनिएल स्मिथ यांनी ते सुरू केले. पुढे आंत्वान मार्टिन यांनी त्याचा मोठा विस्तार केला.

१९८४ साली एमआयटीत सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीत दूरवरून काम करण्याची सोय मुळातच होती. प्रोग्रॅम कुठल्याही यंत्रावर चालो, त्याच्या विंडो रंगवणारा एक्स सर्व्हर वापरणाऱ्याच्या टेबलावर असतो. एसएसएच या सुरक्षित जोडणीमार्फत ही देवाणघेवाण आजही होते. मात्र त्यात प्रोग्रॅमचा जीव पडद्याशी बांधलेला राहतो. वाय-फाय गेले की एक्स सर्व्हरशी संबंध तुटतो आणि प्रोग्रॅम बहुधा तिथेच बंद पडतो. मॅटलॅबसारख्या गणिती प्रोग्रॅमच्या विंडोत रात्रभर चाललेले गणित पहाटे वाया जाते. टर्मिनलवाल्यांना १९८७पासून टर्मिनलमधले काम चालू ठेवणाऱ्या ग्नू स्क्रीनचा आधार होता. विंडोंना तसा कोणी वाली नव्हता.

एक्सप्राने एक्स सर्व्हरच दूरच्या यंत्रावर नेला. तिथे तो मॉनिटरशिवाय, मेमरीतल्या काल्पनिक पडद्यावर चालतो. प्रोग्रॅम त्याच यंत्रातल्या सर्व्हरशी जोडलेला असल्याने बाहेरचे नेटवर्क गेल्याचे त्याला कळतही नाही. एक्सप्रा प्रत्येक विंडोचे चित्र उचलते, जेपेग, वेबपी किंवा एच.२६४ अशा पद्धतीने आटवते आणि वापरणाऱ्याकडे पाठवते. ‘स्टार्ट’ने ऑफिसात सुरू केलेले काम ‘डिटॅच’ करून संध्याकाळी घरून ‘अटॅच’ करता येते. विंडोज, मॅक किंवा नुसता ब्राउझर असला तरी चालते.

दूरच्या संगणकावर काम करण्याच्या व्हीएनसी आणि एक्सटूगो या इतर साधनांतही सत्र, म्हणजे चालू काम, टिकवता येते. पण व्हीएनसीत बहुधा अख्खा डेस्कटॉप एका चौकटीत येतो. एक्सप्रात दूरची विंडो आपल्या इतर विंडोंच्या शेजारी बसते, तिथला मजकूर इथे कॉपी करता येतो, आवाजही ऐकू येतो. एकाच प्रोग्रॅमपुरते काम असणाऱ्याला हेच अधिक सोयीचे.

मात्र एक्सप्रात टिकते ती फक्त मेमरीत चालू असलेली प्रक्रिया. दूरचे यंत्र रीबूट झाले, तर सत्र संपते आणि सेव्ह न केलेले काम जाते. त्रिमितीय चित्रणासाठी ग्राफिक्स कार्ड वापरायचे, तर सहसा व्हर्च्युअलजीएल या सॉफ्टवेअरची जोड द्यावी लागते. जोडणी एसएसएचमधूनच करणे श्रेयस्कर. पासवर्डाविना उघड्या ठेवलेल्या पोर्टमधून कोणीही चालू सत्रात शिरू शकतो.