शिक्क्यातले वडील

दिवा जरा जवळ ओढा. ‘श्रीमान योगी’ ही कादंबरी छातीवर पालथी टाकून तुमचा डोळा लागला होता. आता कानावर बोरूची कुरकुर येते आहे, जाड कागदाचा आणि शाईचा वास आहे. साल १६४६, जानेवारीचे शेवटचे दिवस. रांझे गावच्या पाटलाने बदअंमल केला, म्हणून त्याचे हातपाय तोडून पाटीलकी काढून घेतली, अशी हकिगत या कागदात आहे. ज्याच्या नावाने हुकूम निघतो आहे तो पंधरा वर्षांचा आहे.

कारकून शिक्का उचलतो, शाईत टेकवतो, कागदावर दाबतो. वाका, नीट बघा. आठ कोनांची ओली मुद्रा. अक्षरं संस्कृतातली, आणि मुलाच्या नावाआधी बापाचं नाव: शाहाचा पुत्र शिव. खुद्द शहाजीराजांचा शिक्का फारसीत चालतो. मुलाचा मात्र संस्कृतात, प्रतिपदेच्या चंद्रासारखी वाढत जाणारी आपली मुद्रा आहे असं सांगणारा. बाप इथे नाही, शेकडो कोसांवर कर्नाटकात आहे. तरी प्रत्येक हुकुमावर तो उमटतो.

कादंबरी वाचताना तुम्हाला हेच टोचत होतं ना? जिजाऊ पानोपानी भेटतात. शहाजीराजे येतात, दोन शब्द बोलतात, घोड्यावर बसतात आणि जातात. हा माणूस मनात काय धरून होता?

चला, दहा वर्षं मागे.

१६३६. माहुलीचा किल्ला, खाली मोगल आणि आदिलशाही फौजांचा वेढा. शहाजीराजांनी तीनेक वर्षं एका लहान मुलाला निजामशहा म्हणून गादीवर बसवून, त्याच्या नावाने राज्य चालवलं आहे. पेमगिरीवर सुरू झालेला तो डाव इथे संपतो. मुलाला मोगलांच्या हवाली करावं लागतं. तटावर उभे राहून तुम्ही हे बघता तेव्हा एक गोष्ट ध्यानात घ्या: स्वतः राज्य उभं करून बघितलेला, आणि ते हातातून जाताना पाहिलेला हा माणूस आहे. त्याचा मुलगा या वेळी सहा वर्षांचा आहे. पुढे बापाने कमी बोलावं यात नवल वाटतं का?

आता बंगळूर. शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत आले आहेत. १६३८ मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या स्वारीत केंपेगौडाकडून हे शहर घेतलं गेलं आणि शहाजीराजांकडे आलं. दरबार भरला आहे. जयराम पिंड्ये नावाचा कवी पुढे येतो आणि राजांसमोर एकेक करून नारळ मांडू लागतो. मोजा. बारा. कशासाठी, असं विचारल्यावर तो सांगतो, मला बारा भाषांत कविता करता येते. इथे संस्कृत आहे, मराठी आहे, कानडी आहे, फारसी आहे. वि. का. राजवाड्यांनी १९२२ साली जयरामाचा ‘राधामाधवविलासचंपू’ छापला नसता, तर हा रसिक राजा आपल्याला कळलाच नसता. सक्तीने दूर पाठवलेला सरदार एवढंच आपण त्याला धरून चाललो असतो. मला हे बारा नारळ फार मोलाचे वाटतात. हा माणूस कर्नाटकात दिवस ढकलत नव्हता, नांदत होता.

इथेच १६४० च्या सुमारास जिजाऊ आणि शिवबा येऊन राहतात. मग मुलगा पुण्याला परत निघतो. त्याच्या मागे कोण कोण निघालंय बघा. बखरी सांगतात: पेशवे शामराजपंत, मुजुमदार बाळकृष्णपंत, डबीर सोनोपंत. शिवभारतात तर हत्ती, घोडे, ध्वज, खजिनाही आहे. जहागिरीच्या वसुलीला डबीर कशाला लागतो? डबीर परराष्ट्राचा कारभार बघतो. बापाने तोंडाने काय सांगितलं ते कागदावर नाही. पण त्याने सोबत दिलेली माणसं कागदावर आहेत, आणि मला त्यांचं बोलणं पुरेसं स्पष्ट ऐकू येतं.

२५ जुलै १६४८. जिंजीजवळची छावणी, झुंजुमुंजु व्हायची वेळ. राजे बेसावध आहेत. आदिलशाही सेनापती मुस्तफाखानाच्या हुकुमावरून बाजी घोरपडे चालून येतो, एकच गलका उठतो आणि शहाजीराजे कैद होतात. कैदेमागचं एक कारण सांगितलं जातं ते असं, मुलगा पुण्याकडे किल्ले घेतो आहे. बाप गप्प बसतो. इकडे अठरा वर्षांचा मुलगा मोगल शहजादा मुरादबक्षाशी पत्रव्यवहार करून विजापूरवर मोगलांचा दाब आणतो. १६ मे १६४९ ला सुटका होते. किंमत मोजली जाते: शिवाजीराजांना कोंढाणा सोडावा लागतो, त्यांच्या मोठ्या भावाला, थोरल्या संभाजीराजांना, बंगळूर. बापासाठी दोन मुलांनी दोन टोकांना दोन ठाणी दिली. कादंबरीत हे लवकर उरकतं. तुम्ही मात्र कोंढाण्याच्या पायवाटेवर जरा थांबा, आपली माणसं सामान डोक्यावर घेऊन उतरताहेत ती बघा.

शहाजीराजांना आदिलशाहीचे चाकर म्हणून निकालात काढणारे आहेत, आणि स्वराज्याची सगळी आखणी त्यांचीच होती असं सांगणारेही आहेत. दोघांनाही हा माणूस लवकर उलगडायची घाई आहे. कादंबरीकाराने त्यांना थोडं झाकलेलं ठेवलं, हे त्याने बरोबर केलं असं माझं मत आहे. ज्याच्या एका शब्दावर मुलाचा जीव जाऊ शकतो, तो बाप दरबारात मनातलं बोलणार कसा? त्याचं गूढ हीच त्याची राखण होती.

शेवटचा मुक्काम. २३ जानेवारी १६६४, होदिगेरे. शिकारीत घोडा भरधाव आहे. पाय अडकतो, घोडा आणि स्वार दोघेही कोसळतात. मुलाने सुरत मारल्याला जेमतेम दोन आठवडे झालेत, बातमी इथवर पोचली असेल का? राजगडावर जिजाऊ सती जायला निघतात आणि मुलगा त्यांना अडवतो, असं बखरींत आहे.

आता पुस्तक उचला, दिवा मालवा. पुढच्या सुट्टीत रायगड, शिवनेरी ठरवाल तेव्हा एक दिवस जास्तीचा काढा. कर्नाटकात चन्नगिरी तालुक्यात होदिगेरे गावी शहाजीराजांची समाधी आहे.