ऊस कुणाला घालायचा?

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने एक अधिसूचना काढली. येत्या हंगामात राज्यातला ऊस परराज्यात नेता येणार नाही आणि ही बंदी ३० एप्रिल २०२४ पर्यंत राहील, असं तिच्यात म्हटलं होतं. त्या वर्षीचा ऑगस्ट कोरडा गेला होता. ऊस कमी पडणार आणि गाळप लवकर आटोपणार, ही धास्ती कारखान्यांना होती. मुंबई-पुण्याकडून पाहणाऱ्याला हा आदेश किरकोळ वाटला असेल. गडहिंग्लज तालुक्यात तो तसा वाटणं शक्य नव्हतं. गडहिंग्लजहून पंधराएक किलोमीटरवर संकेश्वर आहे, तिथे हिरण्यकेशी सहकारी साखर कारखाना आहे आणि तो कर्नाटकात आहे. तालुक्यातला बराच ऊस वर्षानुवर्षं सीमा ओलांडून जातो. शेतकरी नेते राजू शेट्टी यांच्यासह शेतकरी संघटनांनी या बंदीला कडाडून विरोध केला आणि काही दिवसांतच सरकारला ती मागे घ्यावी लागली.

पिकवणाऱ्याने आपला माल कुणाला विकायचा हे कोणी ठरवायचं, हा प्रश्न या भागात जुना आहे. ज्या सीमेवरून वाद झाला तिचं वयही लक्षात घेण्यासारखं आहे. गडहिंग्लज कोल्हापूर संस्थानात होतं, तर संकेश्वर इंग्रजांच्या बेळगाव जिल्ह्यात. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि दोन्ही गावं एका राज्यात आली. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि मध्ये पुन्हा रेघ आली. दोन्हीकडे माणसं तीच, सोयरिकी त्याच. हिरण्यकेशी नदी आंबोलीच्या बाजूने निघून आजरा आणि गडहिंग्लज करत संकेश्वरला जाते. इकडे पिकणाऱ्या लाल मिरचीलाही बाजारात ‘संकेश्वरी’ म्हणूनच ओळखतात.

नदीकाठी उसाचं राज्य यायच्या आधी इथे मिरची, भुईमूग, तंबाखू, जोंधळा असं पीक असे. जिथे पाणी होतं तिथे ऊस होताच, पण तो कारखान्याला जात नसे, गुऱ्हाळात जाई. गुऱ्हाळ सुरू झालं की रात्रंदिवस चाले. चरकातून निघालेला रस काहिलीत पडायचा आणि खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ असायचा. रसात भेंडीचा चिकट द्रव घातला की मळी वर येई, ती झाऱ्याने काढून टाकायची. मग सगळी भिस्त गुळव्यावर. उकळत्या पाकाचा थेंब तो गार पाण्यात सोडी, बोटांत घेऊन त्याची गोळी करी आणि ती आपटून तिचा आवाज ऐके. काहिल उतरवायची वेळ त्या आवाजावरून ठरे. थोडी घाई झाली तर गूळ मऊ राहून पाझरे, थोडा उशीर झाला तर काळपट होऊन करपट लागे. वर्षभराच्या कष्टाचा भाव त्या काही क्षणांत ठरत असे आणि त्यासाठी नाव कमावलेल्या गुळव्याला गावोगाव मागणी असे. वाफ्यात ओतलेला पाक घोटून त्याचे रवे बांधायचे आणि गाडी कोल्हापूरला धाडायची.

कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली आणि गुळाच्या बाजाराला हक्काची जागा मिळाली. ऊस कधी तोडायचा, गूळ कधी करायचा आणि कोणत्या अडत्याकडे लावायचा, हे शेतकरी ठरवत असे. पण ही मोकळीक वरवरचीच. हंगामाआधी उचल दिलेल्या अडत्याकडेच माल लावावा लागे. महाराष्ट्रातल्या कित्येक पेठांत तेव्हा सौदा रुमालाखाली होई. अडत्या आणि खरेदीदार कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत आणि ज्याचा माल, तो शेजारी उभा राहून फक्त बघत असे. या पद्धतीला हत्ता म्हणत. विकायचं स्वातंत्र्य होतं, पण भाव कळण्याचा हक्क नव्हता. १९३९ चा मुंबई कृषी उत्पन्न बाजार कायदा आणि पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा यांनी उघड लिलाव, तोलाईचे ठरलेले दर आणि परवानाधारक व्यापारी ही चौकट आणली. बाजार समित्यांवर आज होणारी टीका पुष्कळ अंशी रास्त आहे. मात्र रुमालाखालचे ते सौदे विसरून ती टीका करणं अन्यायाचं होईल.

गुळाच्याच व्यापारात गिऱ्हाइकाच्या आवडीनेही एक धडा दिला. कोल्हापुरी गुळाचं मोठं गिऱ्हाईक गुजरात. तिथे पिवळाधमक गूळ उठतो, तांबूस मागे पडतो. मग रंग उजळावा म्हणून काहिलीत हायड्रोस पावडर पडू लागली. शेतकऱ्याला ठाऊक होतं की खरा, टिकाऊ गूळ गडद असतो. पण पेठेत गडद रव्याला भाव कमी आला की पुढच्या काहिलीत पावडर टाकायला तो हात आखडत नसे. या पावडरीमुळे गुळात उरणाऱ्या सल्फर डायऑक्साइडवर अन्नसुरक्षेच्या नियमांनी किलोमागे ७० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. यात गिऱ्हाईक दोषी ठरत नाही. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट ते निवडणार कशी? सल्फर जिभेला कळत नाही, ते प्रयोगशाळेतच कळतं. ती तपासणी करण्याइतकी यंत्रणा सरकारने उभी करायला हवी, नाहीतर नियम कागदावरच राहतो.

साखरेचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे, कारण इथे सरकार पहिल्यापासून घरातच होतं. १९३२ च्या संरक्षण कायद्याने परदेशी साखरेवर कर बसवून देशी कारखानदारी उभी केली आणि १९३४ च्या कायद्याने उसाला किमान दर ठरवण्याचा अधिकार प्रांतांना दिला. महायुद्धात, १९४२ मध्ये साखरेवर नियंत्रण आलं आणि पाठोपाठ गुळावरही. स्वातंत्र्यानंतर गांधीजींनी नियंत्रणं उठवण्याचा आग्रह धरला. डिसेंबर १९४७ मध्ये साखर मोकळी झाली, भाव चढले आणि १९४९ मध्ये नियंत्रण परतलं. पुढेही हा पाळणा हलतच राहिला. १९६७-६८ पासून कारखान्याच्या साखरेपैकी ६० टक्के लेव्ही म्हणून ठरल्या भावाने सरकारला आणि ४० टक्के खुल्या बाजारात, अशी वाटणी झाली. ऑगस्ट १९७८ मध्ये जनता सरकारने साखर पूर्ण मोकळी केली. भाव कोसळले, ऊस बांधावर सुकायची वेळ आली, लागवड घटली आणि डिसेंबर १९७९ मध्ये लेव्ही पुन्हा आली.

रेशन दुकानात सणासुदीला मिळणारी लेव्हीची साखर शहरातल्या लाखो घरांना आधार होती, हे खरंच आहे. पण त्या स्वस्ताईचा एक हिस्सा उसाच्या बिलातून कापला जात होता. साखरेचा मोठा वाटा पडत्या भावाने गेला की कारखान्याच्या हाती उसाला द्यायला तेवढं कमी उरायचं. म्हणजे मुंबईच्या चाळीतल्या चहातली साखर काही अंशी हिरण्यकेशीच्या काठचा शेतकरी स्वस्त करून देत होता आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं. गरिबाला स्वस्त साखर द्यायची तर ती सरकारी तिजोरीतून द्यावी, हे सरळ तत्त्व प्रत्यक्षात यायला २०१३ उजाडलं. रंगराजन समितीच्या शिफारशीनंतर लेव्ही रद्द झाली आणि रेशनच्या साखरेसाठी केंद्राने किलोमागे साडेअठरा रुपये अनुदान राज्यांना देऊ केलं.

शेतकऱ्याला सगळ्यात जास्त बोचली ती झोनबंदी. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने सरकारला कारखान्यांसाठी क्षेत्र राखून ठेवण्याचा अधिकार दिला आणि महाराष्ट्राने १९८४ मध्ये स्वतंत्र आदेश काढून तो पक्का केला. गाव ज्या कारखान्याच्या कार्यक्षेत्रात, तिथेच ऊस घालायचा. तोड कधी येणार हे कारखान्याचं शेतकी खातं ठरवी. तोड लांबली तर उसाला तुरे येऊन वजन घटायचं, खोडव्याचं आणि पुढच्या पिकाचं वेळापत्रक कोलमडायचं. संचालकाच्या विरोधात मत दिलं म्हणून फडात तोडणीची टोळी आली नाही, अशा तक्रारी पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव ऐकू येत.

झोनबंदीच्या बाजूनेही एक प्रामाणिक मुद्दा होता. सहकारी कारखाने शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर आणि सरकारच्या हमीवर उभे राहिले. गडहिंग्लज तालुक्यातला हरळीचा कारखानाही सभासदांच्या पैशातूनच आलेला. ऊस शाश्वत मिळेल याची खात्री नसती तर एवढं कर्ज कोणी दिलं नसतं. पहिल्या पिढीसाठी हा युक्तिवाद पटतो. पण तीस वर्षांचं, पाय रोवलेलं यंत्र जेव्हा तोच युक्तिवाद करतं, तेव्हा ते शेतकऱ्याचं संरक्षण न राहता कारखान्याच्या ढिलाईचं संरक्षण होतं. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने हाच मुद्दा लावून धरला. विसाव्या शतकाच्या अखेरीला महाराष्ट्रात झोनबंदी उठली.

म्हणून निवड पुरती मोकळी झाली, असं मात्र झालं नाही. महाराष्ट्रात दोन कारखान्यांत २५ किलोमीटरचं हवाई अंतर राखण्याची अट कायम आहे, त्यामुळे नवा स्पर्धक सहजी उभा राहत नाही. ऊसही साठवून ठेवण्याजोगा माल नव्हे. तोडल्यापासून त्याचं वजन आणि साखर उतरू लागते, त्यामुळे लांबचा चांगला दर वाहतुकीत आणि वाळण्यात जातो. शिवाय टोळ्या आणि वाहनं कारखान्याच्या करारातली. टोळी कधी येईल आणि वाढ्यांचं, टोळीला द्यायच्या खुशालीचं काय, याच्या विवंचनेत दराची तुलना मागे पडते. अशा परिस्थितीत गडहिंग्लजच्या शेतकऱ्याला राज्यातल्या बहुतेकांना नसलेली एक सोय भूगोलाने दिली: हरळी, आजऱ्यातलं गवसे, कागलमधलं हमिदवाडा इथल्या कारखान्यांच्या जोडीला सीमेपलीकडचा पर्याय. पलीकडची टोळी आधी फडात आली की ऊस तिकडे जातो. अलीकडच्या कारखान्याला मग दर आणि तोड दोन्ही सुधारावं लागतं. २०२३ च्या बंदीने नेमका हाच दाब काढून घेतला असता, आणि दुष्काळाचा भार कारखाना आणि शेतकरी यांच्यात वाटला न जाता एकट्या शेतकऱ्यावर पडला असता.

तरीही याच शेतकऱ्याने कधी ‘सरकार नको’ असं म्हटलेलं नाही, आणि ते योग्यच आहे. १९६६ च्या ज्या आदेशात क्षेत्र राखून ठेवण्याचं कलम आहे, त्याच आदेशात ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत आणि न दिल्यास वर्षाला १५ टक्के व्याज लागेल, असंही आहे. पहिलं कलम विकणाऱ्याला बांधतं, दुसरं विकत घेणाऱ्याला. शेतकऱ्याची सगळी लढाई पहिलं कलम काढण्यासाठी आणि दुसरं राबवण्यासाठी झाली आहे. नियंत्रण हवं की बाजार हवा, असा ठोकळेबाज प्रश्न विचारणाऱ्यांनी या दोन कलमांतला फरक आधी पाहावा. रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, २०२३-२४ साठी सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३१५ रुपये होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने तो दोन हप्त्यांत देण्याची मुभा कारखान्यांना दिली. राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवून एकरकमी देण्याचा नियम पूर्ववत केला.

वजनकाट्याचंही तसंच. टनामागे थोडं वजन मारलं तर जाहीर केलेला जादा दर पोकळ ठरतो. शेतकरी कारखाना निवडू शकतो, पण प्रत्येक खेपेला काटा तपासू शकत नाही. त्यासाठी वैधमापन खात्याची भरारी पथकं लागतात, आणि ती वेळेवर व न कळवता जावी लागतात.

बंदी मागे घेतल्यानंतरच्या त्याच हंगामात, नोव्हेंबर २०२३ मध्ये, आदल्या वर्षीच्या उसाला टनामागे ४०० रुपये जादा मिळावेत म्हणून कोल्हापूरजवळ शिरोलीला पुणे-बेंगळुरू महामार्ग रोखला गेला. तडजोड झाली: ज्यांनी तीन हजारांपेक्षा कमी दिले होते त्या कारखान्यांनी १०० रुपये आणि बाकीच्यांनी ५० रुपये द्यायचे. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, पाळी पलीकडची होती. बेळगाव जिल्ह्यात गुर्लापूर क्रॉसवर हजारो शेतकरी टनाला ३,५०० रुपयांसाठी ठाण मांडून बसले. कर्नाटक सरकारने अखेर ३,३०० रुपयांवर तोडगा काढला, त्यातला काही भाग स्वतःच्या तिजोरीतून देऊन. पलीकडे ठरलेला हा दर हरळी, गवसे आणि हमिदवाड्याच्या शेतकी खात्यांनाही लक्षात घ्यावा लागतो, कारण त्यांच्या शिवारातून संकेश्वरकडे जाणारा रस्ता आता उसाला बंद नाही.